जुनी मोटारसायकल घेतली. पहिला पैसा कुठे घालावा?

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग, पिंप्राळा गट)



उसाचे बिल बँकेत जमा झाले की घरात दोन-चार कामे एकदम निघतात. सोसायटीचे देणे फेडायचे असते, विहिरीवरची मोटर भरून आणायची असते, आणि त्यातून वीस-पंचवीस हजार मागे राहिलेच तर दारात एखादी जुनी फटफटी येऊन उभी राहते. नव्या गाडीचा भाव लाखाच्या आसपास गेल्यापासून हा व्यवहार वाढला आहे आणि तो वाईट आहे असे मुळीच नाही. चांगली निघालेली शंभर सी.सी.ची जुनी गाडी शेतकऱ्याची दहा वर्षे सेवा करते.

गटात फिरताना मात्र एक प्रश्न हमखास कानी येतो. "साहेब, गाडी तर घेतली. आता तिला काय काय बसवू?" घरातल्या तरुण पोराचे उत्तर आधीच तयार असते. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर, पांढरेफेक दिवे, रुंद टायर आणि टाकीवर नाव. वडिलांचे म्हणणे असे की, चालते आहे ना, मग कशाला खर्च? या दोघांच्या मधला मार्ग सांगावा म्हणून हा लेख.

जुनी गाडी म्हणजे खोडवा आहे, असे समजा. खोडवा ठेवला की आपण काय करतो? बुडखे जमिनीलगत छाटतो, नांग्या भरतो, बगला फोडतो, खताचा पहिला हप्ता वेळेवर देतो. हे पहिल्या पंधरवड्यात केले तर खोडवा लागणीच्या बरोबरीने उतरतो, आणि नाही केले तर वर्षभर कितीही पाणी दिले तरी टनेज भरत नाही. जुन्या गाडीचेही पहिले पंधरा दिवस तसेच आहेत. या दिवसांत खर्चाचा क्रम असा ठेवावा: आधी कागद, मग थांबणे, मग दिसणे, मग ओझे पेलणे. शोभा त्यानंतर, पैसा उरला तर.

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतली जवळपास ७५ हजार दुचाकीवरची होती, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

कागद आधी

गाडी नावावर करून घेणे हीच पहिली दुरुस्ती होय. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते. त्यासाठी २९ व ३० नंबरचे फॉर्म लागतात. मूळ मालकाने कर्जावर गाडी घेतली असेल तर बँकेचा बोजा उतरल्याचा ३५ नंबरचा फॉर्मही मागून घ्यावा. "सह्या करून ठेवल्या आहेत, पुढे बघू" यावर कधी राहू नये.

हे विकणाऱ्याच्याही हिताचे आहे. गाडी विकली पण नोंद बदलली नाही, तर अपघातात कायद्याच्या दृष्टीने मालक तोच राहतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला आहे. घेणाऱ्याचे नुकसान वेगळे. विम्यातले मालक-चालकाचे वैयक्तिक अपघात संरक्षण नोंदणीकृत मालकालाच मिळते. गाडी दुसऱ्याच्या नावावर आणि हात मोडला आपला, तर विमा कंपनीकडे मागणार काय? त्यामुळे नोंद बदलतानाच विमाही आपल्या नावावर करून घ्यावा.

आपल्या खानदेशात सुरतेहून गाड्या फार येतात. भाऊ-पुतणे तिकडे कामाला असतात, गाडी स्वस्तात मिळते, आणि जी.जे. ०५ ची पाटी तशीच ठेवून ती इकडे वर्षानुवर्षे फिरते. तसेच बऱ्हाणपूरकडच्या गाड्यांचे. परराज्यातल्या गाडीला तिथल्या कार्यालयाचा २८ नंबरचा ना-हरकत दाखला लागतो. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इकडे ठेवायची असेल तर इथला कर भरून इथला नंबर घ्यावा लागतो. स्वस्ताईचा हिशेब करताना हा खर्च आधी धरावा.

आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, गाडीला पंधरा वर्षे झाली असतील तर नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का. दुसरी, १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का. तिसरी, मागच्या मालकाचे दंड बाकी आहेत का. हे मोबाईलवर एम-परिवहन मध्ये गाडीचा नंबर टाकून घरबसल्या समजते.

लायसन्सचेही इथेच सांगून टाकतो. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना २ लाख रुपये मिळतात. पण शेतकरी स्वतः वाहन चालवत असेल तर प्रस्तावाला वैध लायसन्स लागते. घरात गाडी आली आणि चालवणाऱ्याकडे लायसन्स नाही, तर हा आधार ऐन वेळी तुटतो.

थांबणे: ब्रेक

पहिला रोख पैसा ब्रेकवर घालावा. दोन्ही चाकांचे ब्रेक शू नवे घातले, ड्रम साफ केला, तारेला ऑइल दिले, तर शंभर सी.सी. गाडीला मजुरीसकट साधारण हजाराच्या आत काम होते. (या लेखातले भाव आजचे आणि अंदाजाचे आहेत, गावोगाव फरक पडेल.)

पुष्कळ जण पुढचा ब्रेक वापरतच नाहीत. "पुढचा दाबला की माणूस तोंडावर पडतो" असा समज आहे, म्हणून काही जण तो मुद्दाम ढिला ठेवतात. खरी गोष्ट उलट आहे. गाडी थांबू लागली की सगळा भार पुढच्या चाकावर जातो आणि मागचे चाक हलके होते. हलक्या चाकाचा ब्रेक कितीही दाबला तरी ते नुसते घसरते. म्हणून थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. दोन्ही ब्रेक एकदम, पण पुढचा हळूहळू वाढवत दाबावा. वाळूवर, ओल्या काळ्या मातीवर आणि वळणावर पुढचा ब्रेक जपून लावावा, एवढेच पथ्य.

एप्रिल २०१९ पासूनच्या १२५ सी.सी.पर्यंतच्या गाड्यांत बहुधा मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, अशी जोडणी असते. काही मेस्त्री कटकट नको म्हणून ती तार काढून ठेवतात. आपल्या गाडीची काढली असेल तर पुन्हा जोडून घ्यावी.

ब्रेक शू झिजले की नाही हे चाक न खोलता कळते. पुष्कळ गाड्यांच्या ड्रमवर एक खूण आणि ब्रेकच्या दांडीपाशी एक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपाशी पोचला तर शू संपले असे समजावे. ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नये, ती छातीला वाईट. ओल्या फडक्याने पुसावी. नाल्यातून किंवा पाटाच्या पाण्यातून गाडी काढली तर पुढे थोडे अंतर ब्रेक हलका दाबून चालवावे, म्हणजे ओले शू वाळतात.

ब्रेकबरोबर हँडलचा कोनसेट पाहून घ्यावा. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचलावे आणि हँडल सावकाश फिरवावे. मधोमध खटकन अडकत असेल तर कोनसेट गेला. अशी गाडी खड्ड्यातून निघाली की सरळ चालत नाही. नवा घालायला काही शेकडा रुपये लागतात.

टायरला वय असते

टायरची नक्षी झिजली की आपण बदलतो, पण जुन्या गाडीत टायरचे वयही पाहावे. बाजूवर चार आकडे लंबगोलात छापलेले असतात. '२३१९' असे असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातले टायर. फार दिवस उन्हात उभ्या गाडीचे रबर कडक होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्यात बाजूला बारीक भेगा पडतात. भेगाळलेले टायर नक्षी चांगली असली तरी बदलावे. एक टायर दीड-दोन हजारांपर्यंत येते. दोन्ही एकदम जमत नसतील तर ज्याची दशा जास्त वाईट ते आधी. टायरबरोबर ट्यूब नवी घालावी. जुन्या ठिगळांच्या ट्यूबवर नवे टायर म्हणजे फाटक्या पाइपवर नवी मोटर.

माप कंपनीचेच ठेवावे. रुंद टायर चेनला किंवा मडगार्डला घासते, ॲव्हरेज पडते, आणि पावसाळ्यात आपली चिकण माती मडगार्डमध्ये अडकून चाक जागीच धरते. हवा किती ठेवावी हे गाडीवरच्या पट्टीत किंवा पुस्तकात लिहिलेले असते. मागे माणूस किंवा ओझे असेल तेव्हा मागच्या चाकाची हवा वेगळी असते, तीही तिथेच दिलेली असते.

चेन आणि दोन्ही चाकऱ्या, म्हणजे गॅरेजवर ज्याला 'चेन-सॉकेट' म्हणतात, तो पूर्ण सेट एकदम बदलावा. नुसती चेन नवी घातली तर जुन्या चाकरीचे झिजलेले दात तिला लवकर खातात. चेनचा झोल मधोमध साधारण एक इंच असावा. अगदी ताणून बांधलेली चेन दोन माणसे बसली की आणखी ताणते आणि बेअरिंग खाते.

दिसणे आणि दाखवणे

हा भाग आपल्या भागात सर्वांत महत्त्वाचा आहे. रात्रपाळीची वीज आली की आपण पाणी भरायला निघतो. गळीत हंगामात त्याच रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या, टायरगाड्या आणि ट्रॉल्या असतात. बांभोरीच्या गिरणा पुलाकडून पाळधी-एरंडोलकडे जाणाऱ्या महामार्गावर तर मोठ्या गाड्यांची रीघ रात्रभर असते.

आता हिशेब करा. ताशी ६० कि.मी. वेगाने गाडी एका सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. अधू दिव्याने पुढची पंक्चर ट्रॉली वीस मीटरवर दिसली, तर हातात सव्वा सेकंदही राहत नाही. ब्रेकवर हात जाईपर्यंतच तेवढा वेळ संपतो. म्हणून रात्री वेग दिव्याच्या टप्प्यात ठेवावा, आणि दिव्याचा टप्पा वाढवून घ्यावा.

दिवा सुधारायला नवा दिवा लागतोच असे नाही. आधी काच आणि आतला आरसा पाहावा. काच पिवळी पडली असेल, आरशाची चकाकी गेली असेल तर कितीही भारी बल्ब घालून उपयोग नाही; हेडलाइटचा पूर्ण संच बदलावा. वायरचे जोड साफ करून घट्ट करावेत. बल्ब कंपनीने दिलेल्या वॅटचाच घालावा. शंभर सी.सी.च्या पुष्कळ गाड्यांना ३५ वॅटचा हॅलोजन असतो. त्याऐवजी ५५-६० वॅटचा घातला तर होल्डर वितळतो, वायर तापते. शिवाय जुन्या पुष्कळ गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटच्या कॉइलवर चालतो. तेवढी वीज कॉइल देऊच शकत नाही, म्हणून उजेड वाढण्याऐवजी कमी होतो. बाजारातला एल.ई.डी. बल्बही अशा गाडीत फडफडतो.

मग दिव्याची दिशा. मागच्या सीटवर नेहमीचे ओझे ठेवून गाडी भिंतीसमोर पंधरा फुटांवर उभी करावी. दिव्याच्या उंचीची खूण भिंतीवर करावी. लो बीमचा झोत त्या खुणेच्या थोडा खाली पडला पाहिजे. ओझ्याने गाडी मागे बसली की झोत आभाळाकडे जातो. आपल्याला रस्ता दिसत नाही आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांचा हेडलाइट दिवसाही चालू राहतो. तो समोरच्याला आपण दिसावे म्हणून आहे. त्याला मधे बटण बसवून घेऊ नये.

दिसण्याचा सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे रेडियम पट्टी. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. शंभर रुपयांच्या आत काम. मागचा लाल दिवा, ब्रेक लाइट आणि इंडिकेटर रोज संध्याकाळी एकदा पाहावेत. दोन्ही आरसे बसवावेत. आरसा म्हणजे डोकीचा भांग पाहायची वस्तू नव्हे; मागून येणारा ट्रक त्यात दिसतो.

इंजिन: थोडक्यात

गाडी घेतल्याबरोबर ऑइल बदलावे, मागच्याने केव्हा बदलले यावर विसंबू नये. छोट्या गाडीत ऑइल जेमतेम लिटरभर असते, त्यातले पावशेर जळाले तरी इंजिनावर ताण येतो. ट्रॅक्टरच्या डब्यातले ऑइल यात टाकू नये. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून तिचे ऑइल वेगळे बनवतात. दुसरे टाकले तर क्लच घसरू शकतो.

हवेची जाळी, म्हणजे एअर फिल्टर, नवी घालावी. "जाळी काढली की गाडी पळते" हा सल्ला ऐकू नये. आपल्या काळ्या मातीची बारीक धूळ सिलिंडरमध्ये गेली की पिस्टनच्या रिंगा झिजतात, निळा धूर येतो आणि इंजिन उघडायची वेळ येते. तो खर्च जाळीच्या कितीतरी पट असतो.

ओझे आणि मागे बसणारी माणसे

आपली गाडी म्हणजे निम्मी बैलगाडी. वाढ्यांचा भारा, दुधाचा कॅन, फवारणी पंप, युरियाचे पोते सगळे तिच्यावर येते. नुसत्या दोरीने सीटवर बांधलेले ओझे मागे सरकते, पुढचे चाक हलके होते आणि हँडल ऐकत नाही. म्हणून गाडीच्या मूळ नटबोल्टांवर बसणारे साधे लोखंडी कॅरियर घ्यावे. चेसीला वेल्डिंग मारून घेऊ नये, तिथेच पुढे तडा जातो. वजन शक्य तितके पुढे आणि खाली ठेवावे. शॉक-अपला टप्पे असतील तर ओझ्याच्या दिवशी एक-दोन टप्पे कडक करावेत. भारा मागच्या दिव्यावर आणि नंबरवर लोंबू देऊ नये.

मागे माता-भगिनी एका बाजूला पाय सोडून बसतात. साडीचा पदर चाकात जाऊन झालेले अपघात आपण सर्वांनी ऐकले आहेत. मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ, पायटा आणि मागचे निम्मे चाक झाकणारे संरक्षण हे तिन्ही असलेच पाहिजे. जुन्या गाडीचे साडीगार्ड पुष्कळदा काढून फेकलेले असते. पाचशेच्या आत ते मिळते. ते बसवल्याशिवाय घरच्या बाईमाणसाला मागे बसवू नये.

हेल्मेट गाडीचा भाग नाही, तरी याच खर्चात धरावे, आणि दोन घ्यावीत. आय.एस.आय. शिक्का (आय.एस. ४१५१) पाहून घ्यावे आणि हनुवटीचा पट्टा लावावा. पट्टा न लावलेले हेल्मेट डोक्याच्या आधी खाली पडते.

काय करू नये

कंपनीने दिलेल्या रचनेत फरक करणे कायद्याच्या कलम ५२ ने मना आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक फेरफारास ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली आहे. जुन्या भागाच्या जागी तसाच नवा भाग, आरसे, साडीगार्ड, साधे कॅरियर याला हरकत नाही. पण मोठ्या आवाजाचे सायलेन्सर, अनेक सुरांचा हॉर्न, परवानगीशिवाय दुसरे इंजिन, नोंद न करता बदललेला रंग, हे सगळे अंगाशी येते. सायलेन्सरने गाडीची ओढ वाढते हेही खरे नाही. मागची पोकळी बदलली की हवा-पेट्रोलचे प्रमाण बिघडते, फटाके वाजतात आणि इंजिन तापते. त्या पैशांत दोन्ही चाकांचे ब्रेक नवे होतात, हे पोरांना समजावून सांगावे.

खर्चाचा क्रम

सर्व एकदम जमत नसेल तर असे करावे.

१. नाव, विमा, लायसन्स. हे झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.
२. पहिल्या आठवड्यात: ब्रेक शू, ऑइल, तारा, रेडियम पट्टी, आरसे, बल्ब, दिव्याची दिशा. दोन हजारांच्या आसपास.
३. त्याच आठवड्यात: हेल्मेट आणि साडीगार्ड.
४. पुढच्या बिलापर्यंत: टायर-ट्यूब, चेन सेट, कोनसेट, एअर फिल्टर. टायर भेगाळलेले असेल तर ते दुसऱ्या नंबरात घ्यावे.
५. त्यानंतर: कॅरियर, सीटचे कव्हर, रंगरंगोटी.

शेवटी एक विनंती. रेडियम पट्टी मोटारसायकलला लावाल तेव्हा चार हात जास्त घ्या आणि आपल्या बैलगाडीच्या, ट्रॉलीच्या मागेही लावा. तोडणी चिठ्ठी घेऊन चिटबॉय बांधावर येईल, तेव्हा आपल्या वाहनाला पट्टी आहे की नाही हे त्याला आपण होऊन दाखवा. अंधारात मागून येणाऱ्या फटफटीवर आपल्यातलाच एखादा सभासद, नाही तर त्याचा मुलगा असतो. तो वेळेवर थांबला पाहिजे आणि आपली गाडी त्याला वेळेवर दिसली पाहिजे. गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी सर्व सभासदांनी ही दोन्ही कामे उरकून घ्यावीत.